वाट मोकळी करणारा

(श्री देव रवळनाथ मंदिराच्या जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात, दुसऱ्या दिवशी सायंकाळी, गावातील एका निवृत्त हवालदारांनी सभामंडपात केलेले भाषण. वक्त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे नाव छापलेले नाही. – स्मरणिका समिती)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘माजी सैनिक व ज्येष्ठ समाजसेवक’ असे छापले आहे. माजी सैनिक हे खरे. सरकार दरमहा पेन्शन देते, तेव्हा ते नाकारता येणार नाही. समाजसेवक ही पदवी मात्र समितीच्या तरुण मंडळींनी माझ्या परस्पर दिली आहे. गेली तीन वर्षे चिरे उचलणाऱ्या पोरांच्या मागे काठी टेकत उभा राहिलो आणि ‘सांभाळून रे’ म्हणत राहिलो, एवढीच माझी सेवा. बोलून झाल्यावर ती पदवी ठेवायची की काढून घ्यायची, ते आपण ठरवा.

समितीने सांगितले, “काका, तुम्ही लढाईतले काहीतरी सांगा.” मी १९६९ साली खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झालो आणि १९९१ साली हवालदार म्हणून घरी आलो. १९७१ च्या डिसेंबरात मी पश्चिम सीमेवर होतो. पण माझी लढाई सांगण्यासारखी नाही. मी केले ते हजारो जवानांनी केले. म्हणून आज मी आमच्या पलटणीच्या एका थोर पुरुषाची हकीकत सांगणार आहे, आणि तिच्या शेवटी माझी स्वतःची एक गोष्ट. पहिली अभिमानाची आहे. दुसरी तशी नाही.

प्रथम सॅपर म्हणजे काय ते सांगतो, कारण गावात पुष्कळांची समजूत अशी की फौजेत गेला तो बंदूकच चालवतो. बंदूक आम्हालाही दिलेली असते. पण सॅपरचे खरे हत्यार म्हणजे फावडे, पहार, दोरी आणि सुरुंगाची दारू. नदी आली की पूल बांधायचा. पूल तुटला असेल तर बाजूने उतार कापून रस्ता काढायचा. शत्रूने वाटेत सुरुंग पेरले असतील तर ते हातांनी काढायचे. पायदळ आणि रणगाडे पुढे जातात, ते या माणसांनी आधी वाट केलेली असते म्हणून. ही पलटण फार जुनी, अठराव्या शतकापासूनची. इंजिनिअर दलाचे ब्रीदच ‘सर्वत्र’ हे आहे.

त्या खडकीच्या छावणीत आम्ही नवे रंगरूट असताना उस्ताद लोक एक नाव वारंवार घेत. ते नाव म्हणजे मेजर रामा राघोबा राणे, परमवीर चक्र. ते १९६८ साली निवृत्त झाले आणि मी पुढच्या वर्षी भरती झालो, म्हणून त्यांच्या हाताखाली नोकरी करण्याचे भाग्य मला लाभले नाही. पण त्यांचे नाव ऐकल्याशिवाय आमच्यातला एकही जवान खडकीतून बाहेर पडला नाही.

राणे हे आडनाव आपल्या मुलखाला नवे नाही. साहेबांचा जन्म २६ जून १९१८ रोजी कारवारजवळच्या चेंदिया गावी झाला. आपल्या गावाहून गोवा ओलांडला की पलीकडे कारवार. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत तो जिल्हा आपल्याबरोबर मुंबई राज्यातच होता. तीच नारळी-पोफळी, तोच पाऊस. वडील पोलीस खात्यात शिपाई. बदली होईल तिकडे बिऱ्हाड आणि तिकडेच मुलाची शाळा. म्हणजे कोणा सरदार-दरकदाराच्या घरचा हा मुलगा नव्हे. आपल्यापैकी कोणाच्याही पडवीत अभ्यास करीत बसलेला दिसावा तसाच.

१० जुलै १९४० रोजी ते साधे शिपाई म्हणून बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले. दुसरे महायुद्ध पेटले होते. त्यांना ब्रह्मदेशात, आराकानच्या जंगलात जपान्यांविरुद्ध पाठवण्यात आले. तिथे एकदा फौजेने माघार घेतली, तेव्हा मागे राहून दारूगोळ्याचे साठे नष्ट करण्याचे काम त्यांच्या तुकडीवर आले. सगळे निघून गेल्यावर सगळ्यांच्या मागून निघायचे, आणि तेही जपानी पहारे चुकवून. ते काम त्यांनी पार पाडले आणि माणसे घेऊन परत आले. नाईक होते, हवालदार झाले. अशा एकेक पायरीने चढत १५ डिसेंबर १९४७ रोजी, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर चार महिन्यांनी, ते सेकंड लेफ्टनंट झाले. शिपायाचा अधिकारी झालेला हा माणूस. फावडे कसे धरायचे ते त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

त्या वेळी काश्मिरात युद्ध चालू होते. जम्मूच्या बाजूला नौशेरा म्हणून गाव आहे. तिथून एक रस्ता डोंगरांतून वळणे घेत राजौरीला जातो. राजौरी १९४७ च्या नोव्हेंबरपासून हल्लेखोरांच्या हाती होती आणि तिथल्या लोकांचे अनन्वित हाल चालले होते. १९४८ च्या एप्रिलात आपल्या फौजेने राजौरी सोडवायचे ठरवले. रणगाडे तयार, डोग्रा पलटण तयार. नव्हता तो फक्त रस्ता. शत्रूने तो जागोजाग खणून ठेवला होता, मोऱ्या उडवल्या होत्या, चिडाची प्रचंड झाडे तोडून आडवी टाकली होती आणि सगळीकडे सुरुंग पेरले होते. शिवाय वरच्या टेकड्यांवर मशीनगन लावून बसले होते. जो ही झाडे हलवायला येईल त्यालाच टिपायचे, हा बेत. ती वाट मोकळी करण्याचे काम राणेसाहेबांच्या तुकडीकडे आले. साहेब तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते आणि अधिकारी होऊन चारच महिने झाले होते.

८ एप्रिल १९४८, सकाळचे अकरा. तुकडी रणगाड्यांजवळ काम सुरू करण्याच्या बेतात होती, तेवढ्यात शत्रूच्या उखळी तोफांचा मारा सुरू झाला. तुकडीतले दोन जवान जागीच मरण पावले आणि पाच जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणेसाहेब होते. मंडळी, काम अजून सुरूही व्हायचे होते. साहेबांनी उरलेली माणसे गोळा केली, तुकडी पुन्हा उभी केली आणि काम सुरू केले. दिवसभर ते रणगाड्यांच्या आसपास गोळीबारात होते. दुपारी साडेचारच्या सुमारास आपल्या पायदळाने बरवालीची धार घेतली. शत्रू पुरता हटला नव्हता हे ठाऊक असूनही साहेब माणसे घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी बगलरस्ता कापू लागले. रात्री दहापर्यंत ते काम चालले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा सुरुवात. दुपारी तीनला वाट तयार झाली आणि रणगाडे पलीकडे गेले. साहेब सर्वांत पुढच्या गाडीत बसले. अर्धा मैल जातात न जातात तो आडवी झाडे. उतरले, दारू लावून उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. मग उडवलेली मोरी, आणि समोरून मशीनगन. तिथेही बाजूने वाट काढली. संध्याकाळी सव्वासहाला, उजेड जाता जाता, पाच मोठ्या चिडांचा अडसर समोर आला, त्याच्याभोवती सुरुंग आणि वरून गोळ्या. साहेब त्याही अंधारात सुरुंग काढू लागले होते. शेवटी रणगाड्यांच्या प्रमुखानेच त्या रात्रीपुरता मुक्काम करायचे ठरवले.

दहा तारखेला पहाटे पावणेपाचला ते पुन्हा त्या पाच झाडांपाशी हजर झाले आणि साडेसहाला तो अडसर दूर झाला. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडसरांची रांगच होती. ते साडेदहापर्यंत मोकळे केले. रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोन वाजता चिंगसला पोहोचले.

आता इथे नीट लक्ष द्या. रणगाडे पुढे गेले होते. वाहवा होण्यासारखे काम झाले होते. मांडीला जखम होती. साहेब थांबले असते तर कोणी बोट ठेवले नसते. पण मागून धान्य, दारूगोळा, औषधे घेऊन येणाऱ्या गाड्यांना नदीच्या पात्रातून जाता येत नव्हते. त्यांना रस्ताच हवा होता. म्हणून अन्न नाही, विश्रांती नाही, रात्री नऊपर्यंत साहेब मागचा रस्ता साफ करीत राहिले. अकरा तारखेला सकाळी सहाला पुन्हा सुरुवात, आणि अकरा वाजता चिंगसपर्यंत रस्ता खुला. तरीही त्या रात्री दहापर्यंत पुढच्या रस्त्याचे काम चालूच. १२ एप्रिलला आपली फौज राजौरीत पोहोचली.

उस्ताद आणखी एक प्रसंग सांगत. एके ठिकाणी गोळीबारामुळे उघड्यावर पाय ठेवणे अशक्य झाले, तेव्हा साहेब चालत्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. वर चालक, खाली हे, आणि दोघांमध्ये दोरी. दोरी ओढून खूण करायची, की थांब, की पुढे चल. अशा रीतीने रणगाड्याच्या आडोशाने सरपटत त्यांनी काम केले. आमचे उस्ताद विचारायचे, “चालकाने दोरीची खूण चुकीची समजली असती तर?” आम्ही गप्प. ते म्हणायचे, “म्हणून दोरीच्या दोन्ही टोकांचा एकमेकांवर विश्वास लागतो.”

या कामगिरीबद्दल त्यांना परमवीर चक्र मिळाले. १९४७-४८ च्या त्या युद्धात पाच जणांना हा मान मिळाला. त्यांतील तिघांना मरणोत्तर. जिवंतपणी तो छातीवर लावणारे दोघेच, लान्स नायक करम सिंग आणि आपले राणेसाहेब. आजवर एकवीस वीरांना परमवीर चक्र मिळाले आहे, त्यांपैकी चौदांना मरणोत्तर. त्या पदकावर इंद्राचे वज्र आहे, आणि त्याचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांनी केला. या बाई जन्माने युरोपातल्या, पण मराठी खानोलकरांच्या घरच्या सूनबाई. दधीची ऋषींनी आपली हाडे दिली आणि त्यांचे वज्र झाले, ही कथा आपण याच मंडपात कीर्तनात ऐकली आहे.

पुढे साहेब मेजर झाले. २८ वर्षे नोकरी करून निवृत्त झाले. चारचौघांसारखा संसार केला, मुलेबाळे वाढवली, आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात वयाच्या ७६ व्या वर्षी देह ठेवला. कारवारला समुद्रकिनारी २००६ साली त्यांचा पुतळा उभा राहिला. २०२३ साली अंदमानातील एकवीस बेटांना परमवीरांची नावे दिली गेली, त्यांत एक बेट त्यांच्या नावाचे आहे. कारवारकडे जाणे झाले तर तो पुतळा पोरांना जरूर दाखवा. पण ८ एप्रिलला सकाळी अकरा वाजता मेलेल्या त्या दोन जवानांचीही आठवण करा. त्यांची नावे आपल्या कोणाच्या ओठी नाहीत. वाट मात्र त्यांच्याही रक्ताने झाली.

मंडळी, ही झाली अभिमानाची गोष्ट. आता दुसरी.

सुरुंग कसा काढतात ते सांगतो, म्हणजे माझे पुढचे बोलणे समजेल. माणूस जमिनीवर पालथा पडतो. हातात संगीन किंवा लोखंडी सळई. ती उभी खुपसायची नाही, तिरपी, हलक्या हाताने, बोटभर अंतराने. टणक लागले की थांबायचे. मग बोटांनी माती बाजूला करायची, नवरीच्या अंगाची हळद काढावी इतक्या हळू. खाली दुसरा सापळा नाही ना हे चाचपायचे. आणि जी पट्टी साफ झाली तिच्या दोन्ही बाजूंना पांढरी फीत लावत जायचे. मागून येणाऱ्याला काही विचारावे लागत नाही. फितीच्या आत पाय ठेवला की तो सुरक्षित.

१९७१ ची लढाई दोन आठवड्यांत थांबली. आमचे काम थांबले नाही. सीमेवरच्या शेतांत दोन्ही बाजूंनी सुरुंग पेरलेले होते. ते काढून शेतकऱ्याला त्याचे शेत परत द्यायचे होते. एक म्हातारा सरदारजी रोज सकाळी फितीच्या कडेला येऊन बसायचा. आम्ही किती सरकलो ते बघायचा. एक शब्द बोलायचा नाही. ज्या दिवशी त्याचे शेत मोकळे झाले त्या दिवशी तो वाकला, मूठभर माती उचलली आणि कपाळाला लावली. तेव्हा मी वीस-एकवीस वर्षांचा होतो. मला वाटले, देवाने मला याच कामासाठी जन्माला घातले.

तोच मी, निवृत्त होऊन गावी आलो आणि काय केले, ते इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण मी स्वतःच्या तोंडाने ते कधी बोललो नाही, म्हणून आज बोलतो.

खालच्या वाडीतून देवळाकडे येणारी जुनी पाणंद माझ्या कुणग्याच्या कडेने येत असे. दहा मिनिटांत माणूस देवळात. पालखीही त्याच वाटेने जायची. चौदा वर्षांपूर्वी माझ्या चुलत भावाशी बांधावरून वाद झाला. मोजणी आली, कागद निघाले, वाढू नये ते शब्द वाढले. बांध म्हणाल तर हातभर रुंदीचा. रागाच्या भरात मी पाणंदीच्या तोंडाशी गडगा घातला आणि वर काट्या टाकल्या. म्हटले, जमीन माझी आहे, कागद माझ्याजवळ आहे. कागद माझ्याजवळ होता हे खरेच. आणि तेवढेच खरे होते.

हा चुलत भाऊ कोण? मी बावीस वर्षे फौजेत असताना ज्याने माझ्या म्हाताऱ्या बापाची शेती केली तो. १९७१ साली तीन आठवडे माझे पत्र आले नाही, तेव्हा रोज चालत पोस्टापर्यंत जाऊन येणारा तो. त्याची आई, म्हणजे माझी काकी. माझी आई लवकर गेली, तेव्हा आठ वर्षांच्या मला तिने आपल्या मुलाबरोबर एका ताटात जेवू घातले. ती काकी रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावायला यायची. वाट बंद झाल्यावर ती व्हाळ उतरून, मोटाररस्त्याने वळसा घालून येऊ लागली. पावसाळ्यात व्हाळाला पाणी चढले की येणे बंद. मग वय झाले, तेव्हा सगळेच बंद.

माझी मंडळी मला एकदाच बोलली. जेवायला वाढताना म्हणाली, “फौजेत होतात तेव्हा सुरुंग काढलेत, आणि घरी येऊन पेरलेत.” मी ताटावरून उठलो. पुन्हा ती त्या विषयावर बोलली नाही. पण शब्द तसाच राहिला, मातीखाली.

तीन वर्षांपूर्वी जीर्णोद्धाराचे काम निघाले. चिरे खालच्या वाडीच्या बाजूने येणार होते. वाट नाही म्हणून ट्रक मोटाररस्त्याने फिरून वरच्या आळीत उभा राहायचा आणि तिथून पोरे एकेक चिरा डोक्यावरून आणायची. बायका पाण्याच्या कळश्या त्याच फेऱ्याने आणायच्या. मी काठी टेकून उभा, ‘सांभाळून रे’ म्हणत. एकानेही मला म्हटले नाही की, काका, तुमचा गडगा काढा. वडीलधाऱ्याला कसे म्हणायचे, हा त्यांचा चांगुलपणा. त्याच चांगुलपणाच्या आड मी तीन वर्षे लपलो.

गेल्या वर्षी काकीने धरले की गाभाऱ्याचे नवे काम एकदा डोळ्यांनी पाहायचे. तिला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणले. त्या लांबच्या फेऱ्याने. ऊन होते. मी देवळाच्या पायरीवर उभा होतो. तिने मला पाहिले आणि विचारले, “जेवलास काय रे?” दुसरे काही नाही. कलश चढलेला पाहायला ती राहिली नाही. श्रावणात गेली.

मंडळी, शत्रूने आडवी टाकलेली झाडे गोळीबारात बाजूला करणारी माणसे आमच्या पलटणीत झाली. मी मात्र स्वतःच टाकलेला अडसर काढू शकलो नाही, आणि समोर एकही मशीनगन नव्हती. भीती कशाची होती? लोक म्हणतील की हवालदार हरला, याची. राणेसाहेबांची गोष्ट मी शाळेत दरवर्षी सव्वीस जानेवारीला पोरांना सांगत आलो. चौदा वर्षे तोंडाने सांगत होतो आणि पाठीमागे गडगा उभा होता. पोरांना तो दिसत असणारच.

कलशारोहणाच्या तारखा ठरल्या तेव्हा मला झोप येईना. पंधरा दिवसांपूर्वी सकाळी मी पहार घेतली आणि पाणंदीच्या तोंडाशी गेलो. नातू मुंबईहून आला होता, तो मागून आला. त्याने काही विचारले नाही, घमेले घेतले. दोन दिवसांत गडगा उतरला. त्याचे चिरे वाया घालवले नाहीत. पाणंदीत पाणी साचायचे तिथे पायऱ्या केल्या. आणि वाटेच्या दोन्ही कडांना हाता-हाताच्या अंतरावर चुन्याने रंगवलेले पांढरे दगड लावले. नातवाने विचारले, “आजोबा, हे कशाला?” मी म्हटले, “मागून येणाऱ्यासाठी. याच्या आत पाय ठेवला की भीती नाही.”

ही सहा फूट रुंदीची वाट देवस्थानाच्या आणि सर्व ग्रामस्थांच्या वहिवाटीला कायम मोकळी राहील, असे मी लिहून दिले आहे. त्यावर माझ्या दोन्ही मुलांच्या सह्या आहेत. उद्या माझ्या मागे कोणाला कागदाचा अभिमान वाटला तर हाही कागदच आहे. तो अध्यक्षांच्या हाती देतो. (या वेळी वक्त्यांनी लेख अध्यक्षांकडे सुपूर्द केला.)

चुलत भावाकडे मी जाऊन आलो. तो पडवीत बसला होता. मी म्हटले, वाट मोकळी केली आहे. त्याने मान हलवली. वहिनीने पाणी आणून दिले. त्याने अजून माझ्याशी बोलणे धरलेले नाही, आणि धरलेच पाहिजे असा हट्ट करण्याचा अधिकार मला नाही. सॅपरचे काम वाट मोकळी करण्याचे. तिच्यावरून कोणी केव्हा यायचे, हे वाट करणाऱ्याने ठरवायचे नसते. काल पालखी त्या वाटेने आली तेव्हा तो खांदेकऱ्यांत होता. एवढे मी पाहिले. पुरे झाले.

आता दोन शब्द देणगीदारांसाठी. आपण मोठमोठ्या रकमा दिल्यात. कोणी पगारातून, कोणी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशातून, कोणी आईच्या नावे. आपली नावे संगमरवरी फरशीवर कोरली आहेत आणि ती कोरलीच पाहिजेत, कारण उद्याच्या पोरांना कळले पाहिजे की देऊळ आकाशातून पडत नाही. पण माझी समितीला विनंती आहे की फरशीच्या शेवटी एक ओळ वाढवावी, ज्यांनी चिरे वाहिले, पाणी आणले, भाकऱ्या भाजल्या त्या सर्वांची. नावे नकोत, मावायची नाहीत. त्या ओळीत राणेसाहेबांचे ते दोन जवानही बसतील असे मी मनाशी धरीन. वाटेला मात्र माझे नाव देऊ नये. जी वाट मी चौदा वर्षे अडवली तिला माझे नाव म्हणजे देवाची थट्टा होईल. द्यायचेच असेल तर तिला ‘काकीची वाट’ म्हणा. नाही म्हटले तरी वाडीतली पोरे आताच तसे म्हणू लागली आहेत.

देऊळ उभे राहिले. कलश तळपतो आहे. पण गावात अजून किती गडगे आहेत ते तुम्ही आणि मी जाणतो. बांधाचे आहेत, मानपानाचे आहेत, निवडणुकीचे आहेत. मुंबईतल्या खोलीच्या वाटणीवरून गावात बोलणे बंद झालेली भावंडे आज या मंडपात दोन टोकांना बसली आहेत. मी कोणाकडे बोट दाखवीत नाही, माझ्या हाताला अजून त्या चिऱ्यांचा लाल रंग आहे. एवढेच सांगतो की सुरुंग काढणाऱ्याला आम्ही एक गोष्ट शिकवतो. घाई करू नकोस, पण उद्यावरही टाकू नकोस. मी उद्यावर टाकले, आणि ज्या माणसाने त्या वाटेवरून यायला हवे होते ते माणूस निघून गेले.

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कोणी फौजेत जाईल, कोणी गिरगावात नोकरी करील, कोणी इथेच शेती करील. जिथे जाल तिथे मागून येणाऱ्यासाठी पांढरा दगड लावत जा.

माझे बोलणे संपले. वेडेवाकडे बोललो असेन तर ते म्हाताऱ्याचे समजून पदरात घ्यावे. ‘समाजसेवक’ ही पदवी समितीने आज परत घेतली तरी चालेल. देवाच्या वाटेवरचा झाडूवाला म्हणून ठेवलेत तर आनंद आहे. श्री देव रवळनाथ आपणा सर्वांच्या वाटा मोकळ्या ठेवो.

जय हिंद.